ऑफसाइडचा झेंडा

अंबरीष,

कामासाठी सेंदाईला पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. उत्तर दिलं नाही, कारण संताप अजून उतरलेला नाही.

जपानमधल्या भारतीय मुलांची ही पहिलीच राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, तीही बाद पद्धतीची. हरलं की घरी. उपांत्य सामन्यात पालकांमधून लाइन्समन म्हणून तू उभा राहिलास. आपल्या सुरुचीनं बरोबरीचा गोल मारला आणि तू झेंडा वर केलास. ऑफसाइड. पास यायच्या आधीच ती बचावपटूंच्या पुढे पळाली होती म्हणे. आपली उरायासुची टीम बाद झाली आणि सगळे पालक तुझ्या निःपक्षपातीपणाचं कौतुक करत बसले.

सेंदाईला निघताना स्टेशनवर तू मला हळूच म्हणालास, "गोल बरोबर होता गं. पण आपलीच मुलगी, लोक काय म्हणाले असते?"

लोकांची एवढी भीती होती तर झेंडा हातात घ्यायचाच नव्हता. सामन्यानंतर इथल्या रीतीनं तिनं तुझ्यापुढे वाकून आभार मानले. तेही तू घेतलेस.

काल तिनं विचारलं, "बाबांना नक्की दिसलं ना?" मी हो म्हटलं. म्हणूनच हे पत्र पाठवत नाहीये, तू घरी आलास की तुझा फोन तीही उघडते.

आता रोज पार्कात ती एक पाऊल उशिरा धावायला शिकतेय.

संपदा