पहिल्या कॅसेटमधली हाक

काळेवाडी, ८ सप्टेंबर २०२५

चि. सुजित यास ताईचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते.

परवाच्या सोहळ्यात ऊर भरून आला बाबा. तीस वर्षांपूर्वी प्रेस शॉपच्या चार कामगारांनी 'पत्रा' नावाचा बँड काय काढला, आणि आज त्यांचा 'दुसरी पाळी' अल्बम नव्याने निघाला म्हणून कॉलेजची पोरं रांगा लावतात! केस गेले, पोट सुटलं, तरी गिटार धरल्यावर तुझी ऐट तीच. प्रज्वल तर चाकणला कंपनीत मामाच्या नावाने मिरवतोय.

घरी येऊन अल्बम लावला आणि डोकंच फिरलं. यांची हाक कुठे आहे? पत्रा कापायच्या प्रेसवर पेडल दाबण्याआधी जोडीदाराला ओरडून सांगायची रीत, "हात काढ!" हे ड्रमवर बसले तरी गाण्याआधी एक-दोन-तीन मोजायचे नाहीत, तीच आरोळी ठोकायचे. विकायच्या कॅसेटमधून ती तेव्हाच कापली होती, आपल्या घरच्या पहिल्या कॅसेटमध्येच तेवढी उरली. हे जाऊन चार वर्षं झाली. यांचा आवाज म्हणून माझ्याकडे दुसरं काही नाही रे. नव्या अल्बममध्ये हाक ठेवशील या अटीवर मी ती कॅसेट दिली होती. ती आधी परत पाठव.

सौ. स्वरूपास आशीर्वाद. तुझ्यावर माझी माया आहेच, ती फार ताणू नकोस.

तुझी,
योगिनीताई

निगडी, १४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

स्टुडिओतल्या पोराने गोंगाट समजून हाक काढली, असं लिहिणार होतो. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. मीच काढायला लावली. कॅसेटची फीत जुनी, मशीनमध्ये तिचे तुकडे झाले. कॉम्प्युटरवर नक्कल होती, तिच्यातूनही पुसून टाकायला सांगितलं.

अल्बमनंतर वर्षभरात दाजींची चार बोटं प्रेसखाली गेली, तेव्हा पेडलवर मी होतो. डोक्यात नव्या गाण्याची चाल घोळत होती, आणि मी हाक दिली नाही. दाजींनी साहेबांपुढे चूक स्वतःवर घेतली, म्हणून माझी नोकरी वाचली. त्यांचे ड्रम कायमचे सुटले, बँड मोडला. स्टुडिओत आठ गाणी, आठ वेळा तीच आरोळी. मला ऐकवेना गं.

शिव्या दे, पण तोडू नकोस. भाऊबीजेला येतो, पाय धरतो.

तुझ्या मायेला न शोभणारा,
सुजित

काळेवाडी, २० सप्टेंबर

सुजित,

बोटांचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. दवाखान्यातच यांनी सांगितलं, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. त्यानंतर दर भाऊबीजेला तुला ओवाळलं, वाढलं. शेजारी हे डाव्या हाताने घास घ्यायचे, ते बघत वाढलं. ती माफी यांची होती, मी नुसती पाळली.

आवाज मात्र माझा होता. तो पुसताना मला विचारलंस? तुला आठ वेळा ऐकवला नाही, मी रोज सकाळी चहा ठेवताना ऐकायचे. स्वतःचा जीव हलका करायला माझं घर मुकं केलंस, मेल्या!

भाऊबीजेला येऊ नकोस. प्रज्वल आजवर बापालाच बेफिकीर म्हणत आला. बोटं स्वतःच्या धांदरटपणाने घालवली, म्हणून तोंडावर बोलला होता एकदा, आणि हे गप्प बसले. काल त्याला खरं काय ते सांगितलं. पुढच्या रविवारी तो निगडीला येणार आहे. दार उघड.

योगिनी