काटा आणि घड्याळ

ता. ४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं म्हातारं विमान तरणं झालं. पंखांतल्या फटी बुजवल्या, चाकांवर टोपणं बसवली, अंगावरचा एकेक खळगा पुट्टी भरून घासला. फ्लाइंग क्लबच्या पायलटशेजारी बसून स्वतः पाहिलं: वेगाचा काटा ताशी एकशे पाच मैलांवरून एकशे सोळावर! बेट साडेतीनशे मैल. उतरताना तीस मिनिटांचं इंधन उरायला हवं, उरायचं वीसचं, म्हणून तुझी औषधांची फेरी बंद पडली ना? आता एकोणचाळीसचं उरेल. कॉलेजात गेलो नाही, पण गणित दोनदा तपासलंय. येऊन घेऊन जा. लोभ आहेच, तो दुप्पट कर.

तुझा धाकटा

ता. ११

चि. बारक्यास अ. उ. आ.

तू सासुरवाडीला गेलास तेवढ्यात मी विमान उडवून पाहिलं. गिरणीच्या धुराड्यापासून दीपगृहापर्यंत वीस मैल. जाताना-येताना घड्याळ लावलं. सरासरी एकशे नऊ. काटा मात्र सोळावरच अडून. उतरून भिंगातून पाहिलं. बाजूच्या पत्र्यातल्या ज्या बारीक भोकातून काट्याला हवेचा दाब कळतो, त्याच्या पुढच्या कडेला तुझी पुट्टी उंच राहिलीय; तिच्यामागे दाब कमी पडतो नि काटा वेग वाढवून दाखवतो. एकशे नऊनं उरतील सत्तावीस मिनिटं. तुझ्या आकड्यावर मी समुद्रावर निघणार होते, बाळा. तरी चार मैल खरे काढलेस. आजवर कुणाला जमलं नव्हतं. जीव तुझ्यावर आहेच, आकड्यावरही ठेवता येऊ दे.

ताई

ता. १९

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पुट्टी खरवडली, काटा नि घड्याळ आता एकमतानं बोलतात. मग सगळं विमान पुन्हा मोजत बसलो. उतरताना पंखामागची जी झडप खाली येते, ती डावीकडची एरवीही बोटभर लोंबत होती. वीस वर्षं कुणी पट्टी लावली नव्हती! तिला ओढणारी दांडी आखडून दोन्ही झडपा सारख्या केल्या. घड्याळानं, दोन्हीकडून, सहा वेळा: एकशे बारा. अकरा मैल सांगितले होते, सात निघाले. पण हे सात माझे आहेत. बत्तीस मिनिटं उरतील. रागावली असलीस तरी उत्तर धाड.

तुझा धाकटा

ता. २६, बेटावरून

चि. बारक्यास अ. उ. आ.

औषधं पोचली. वारा पडलेला होता. उतरल्यावर टाकीत पट्टी घालून पाहिलं: बत्तीस मिनिटांचं इंधन. इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठल्या कारखान्याकडून काम करवून घेतलंत? मी म्हटलं, माझ्या भावाकडून. वेग पूर्ण वाटभर एकशे बारा. अरे, अर्धा मैल तरी चुकायचास, मला चिडवायला काही उरलं असतं.

तुझीच,
ताई