आईचा अंगठा

मंगळवार, दिवेलागण. मांडवगण.

खोकला जाईना म्हणून शिरूरला स्कॅन काढला होता. फुप्फुसं स्वच्छ निघाली, पण पाठीत डावीकडं, बरगड्यांच्या मधे एक सुई दिसली. शिवणाची, बारीक. तेवढ्यासाठी आज दौंडच्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, "फार जुनी आहे. तुम्ही तान्ह्या असताना गेली असणार. घरात कुणी कधी बोललं नाही?"

नाही. कुणीच नाही.

घरी आले तर आई भाकरी थापत होती. म्हटलं, "आई, माझ्या अंगात सुई हाय म्हणं." कुठं, ते तिनं विचारलंच नाही. तशीच उठली आणि पिठाचा अंगठा माझ्या पाठीवर बरोबर त्या जागी ठेवला.

"दुखती का गं आता?"

लहानपणापासून दर रविवारी ती मला तेल लावते. अंगठा तिथंच घुटमळतो. मला वाटायचं, माया. मायाच असेल ना? दोन मुलींवर झालेली मी तिसरी. तेव्हा घरात कोण कोण होतं? आणि ही कुठं होती?

आत्ता आतून हाक मारतेय, "तेल कोमट केलंय, ये."

मी भिंतीला पाठ लावून बसलेय.