शंभराची पाटी

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांनी तुम्हाला सांगण्यासारखं काही घडलं ते हे, याचीच आधी लाज वाटते. मी मोटार पळवतो. पोटासाठी नाही, हौस म्हणून. महिनाभर हेब्बाळच्या ऑफिसात खुर्ची उबवायची आणि एका रविवारी तमिळनाडूतल्या ट्रॅकवर जाऊन आपलीच गाडी गोल गोल फिरवायची. आम्ही पंधरा-वीस जण आहोत. पहाटे होसूर रोडनं जाताना बोम्मसंद्र्याला तुमच्या कारखान्याचं गेट लागतं. पूर्वी मी तिकडे बघायचो. हल्ली तेवढ्यात मला काहीतरी गाणं बदलायचं असतं.

प्रत्येकाच्या गाडीत कॅमेरा असतो आणि कुठे किती वेग होता ते टिपणारं यंत्र. घरी येऊन ते आकडे व्हिडिओवर चढवायचे, म्हणजे कोपऱ्यात वेगाचा काटा हलताना दिसतो. हे सगळं शिकण्यासाठी आहे. वळणाच्या अलीकडे मीटर लिहिलेल्या पाट्या असतात, दीडशे, शंभर, पन्नास. ब्रेक कोणत्या पाटीला दाबला, कुठे घाबरलो, हे स्वतःचं स्वतःला कळावं एवढाच हेतू. कोणतं यंत्र घ्यावं हे ठरवायला आम्ही जे. पी. नगरच्या एका दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी पीत तासभर घालवला. एक होतं फोनमधलं ॲप आणि सोबत जीपीएसची डबी. स्वस्त, पण चित्र आणि आकडे आपल्या हातानं जुळवायचे. दुसरं गाडीच्या वायरिंगला जोडायचं. ब्रेकवर पाय किती दाबला तेही ते टिपतं, कॅमेरा त्याच डबीत, त्यामुळे जुळवाजुळवच नाही. पुण्याहून आलेला एक जण म्हणाला, "अरे, पहिल्यातला डायल कसला भारी दिसतोय बघ. बाकी डेटा कोण उघडून बघतंय?" सगळे हसले. मोजायचं यंत्र निवडायला जमलेली माणसं काटा लाल हवा की निळा यावर भांडत होती. मला त्यांची शिसारी आली. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, तशातली गत.

कारण ते ॲप मी आधीपासून वापरत होतो. माझ्या पहिल्या व्हिडिओत आकडे जुळवताना चूक झाली होती. ते पाऊण सेकंद मागे पडले. पाऊण सेकंद म्हणजे त्या वेगाला तीसेक मीटर. मी ब्रेक मारला होता शंभराच्या बराच अलीकडे, पण शंभराच्या पाटीपाशी काटा अजून वरच दिसत होता, जणू ब्रेक अजून दाबलाच नाही. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला, काय काळीज आहे म्हणून. दोन दिवसांनी चूक माझ्या लक्षात आली आणि मी ती तशीच राहू दिली. पुढच्या व्हिडिओत मुद्दाम केली. इंजिनाचा आवाज खरं बोलून गेला असता, म्हणून वर गाणं टाकलं. फेरीची वेळ खरीच होती, तिला मी हात लावला नाही. तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजत होतो.

तुम्हाला आठवेल, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत महिनाभर मला तुमच्या तपासणी खात्यात बसवलं होतं. पन्नास शाफ्ट, प्रत्येकाला डायल गेज लावायचा आणि रीडिंग लिहायचं. बेचाळीस झाल्यावर मी उरलेले आठ रकाने अंदाजानं भरले. तुम्ही येता, त्या आठातला एक उचलता, माझ्यासमोर मोजता. काटा भलतीकडेच थांबतो. फोरमन म्हणतो, "होगली बिडी सार, जाऊ द्या, पोरगा आहे." तुम्ही आवाजही चढवत नाही. "मोजलास काय रे? मोजलं नाहीस तर मोकळं सोड की. मोकळ्या रकान्याची लाज नसते बघ." मग पन्नासच्या पन्नास परत मोजून घेतलेत आणि मगच आपण बापलेक बसनं घरी निघालो. डिग्री मिळाली तेव्हा तोच जुना गेज मला दिलात. आज तो माझ्या टेबलावर आहे आणि पेनस्टँडला टेकून उभा आहे.

आमच्यात नागपूरची एक दातांची डॉक्टर नवीन आली आहे. तिनं मला विचारलं, "दादा, मी कोणतं घेऊ?" ती पैसे टाकायला तयार होती, वायरिंगवालं घेण्याजोगी तीच एकटी होती. मी म्हणालो, नवशिक्याला ॲप पुष्कळ झालं. तिनं चांगलं यंत्र घेतलं असतं आणि तिची फेरी माझ्या फेरीशेजारी लावून बघितली असती, तर माझं पितळ उघडं पडलं असतं. हे मला बोलतानाच ठाऊक होतं. गेल्या महिन्यात त्याच वळणाला ती शंभरापर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही म्हणून सरळ बाहेर गेली. खडीतून घसरत गाडी टायरच्या भिंतीवर आदळली. तिला काही झालं नाही, गाडीचं नाक गेलं. मी धावत पोहोचलो तर ती हेल्मेट काढत म्हणाली, "माझंच चुकलं दादा. तुमचा व्हिडिओ वीस वेळा पाहिला होता. तुमच्याइतकी हिंमत नाही ना माझ्यात." मी तिला पाणी दिलं आणि म्हणालो, होतं असं सुरुवातीला. अण्णा, मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. आणि तरी मी तेच बोललो.

व्हिडिओ अजून तिथेच आहे. गाडी दुरुस्त होऊन आली आहे, आणि काल तिचा मेसेज आला की भीती मोडायला ती रोज तोच बघते आहे. रविवारी पुन्हा तेच वळण. आज शुक्रवार आहे. हे पत्र मी गेजच्या रिकाम्या पेटीत ठेवीन, ते कुठे जायचं नाही. शेवटी लिहिणार होतो की शनिवारी सकाळी तिला फोन करून सगळं सांगितलं. वाक्य तयारही होतं. पण ते अजून झालेलं नाही, म्हणून त्या ओळीची जागा मोकळी सोडली आहे.