दोन दिवसांची जयंती

वडीगोद्री,
१७ एप्रिल २०२६

प्रिय प्रिया,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, इथं सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी एका विषयाकडे वळले की नेमका तुझा कुकर उतरवायचा असतो, म्हणून यंदा कागद घेतला.

राजानंदचं दुकान बरं चाललंय. आमच्या पोराचे पुढचे दात पडलेत, त्यामुळं तो हसताना तोंडावर हात धरतो. ऊन मात्र विचारू नकोस.

आता जयंतीचं सांगते. यंदा चौदा तारीख मंगळवारी आली. पुण्याला असलेल्या आपल्या पोरांच्या कंपन्यांनी ती सुट्टी सोमवारी देऊन टाकली, शनिवार-रविवारला जोडून. मंगळवारी सगळ्यांना कामावर हजर व्हायचं होतं. म्हणून मिथुन, आपल्या समितीचा नवा अध्यक्ष, म्हणाला की मिरवणूक रविवारीच काढू. विहारात बैठक बसली. एक जण सोडून सगळे तयार झाले. तो एक जण कोण, ते तुला सांगायला नको.

"पंधरा ऑगस्टचा झेंडा सोयीचा वार बघून लावता का रे?" तातेरावकाकांनी विचारलं.

मिथुन शांतपणे म्हणाला, "काका, तारखेला गावात कोण राहतं? तुम्ही, मी अन् चार म्हातारे. लेकरं आली तर त्यान्ला काही समजंल. लेकरंच न्हाई आली तर नुसती तारीख घेऊन काय करावं?"

मला तर दोघांचंही बराबर वाटत होतं. काका उठले. "करा तुम्ही. मी आडवा येत न्हाई. पण माझा हार मंगळवारी," म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

त्यांच्याबद्दल मी काही बोलायचं नाही, असं तू बजावलं होतंस. लिहिणार नव्हतेच. पण जयंतीचं सांगायचं तर ते मध्ये येतातच, माझा इलाज नाही.

रविवारी गाव नुसतं भरून गेलं. गाड्या लावायला जागा नव्हती. निळे झेंडे, डीजे, पोरींचे फेटे, सगळं मस्त होतं म्हणतात. म्हणतात, असं लिहिते, कारण मी काही बघितलं नाही. पहाटेपासून आम्ही बाया चुलीपुढं होतो. पुऱ्या, भाजी, बुंदी, कोणाला बिनसाखरेचा चहा, कोणाच्या लेकराला तिखट चालत नाही. मिरवणूक निघाल्याचा आवाज आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. धावत गच्चीवर गेले तर शेवटची चार माणसं वळणावरून जाताना दिसली.

संध्याकाळी नळावर भांडी घासायला बसलो. चांगुणाबाई कढई खरवडता खरवडता म्हणाली, "जयंती झाली म्हणं. मला तर कोणी दाखविली न्हाई."

आम्ही सगळ्या हसलो. मग कोणीच हसेना. मीच म्हणाले, "मावशी, तारीख तर परवा हाय."

तशाच ओल्या हातांनी आम्ही काकांच्या घरी गेलो, कारण लेझमी त्यांच्या माळ्यावर असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. राजानंद आमच्या मागं मागं आल्ता. तो म्हणाला, "तुम्ही मिरवणूक काढल्यावर मंग आम्ही काय करायचं?"

"जे आम्ही आज केलं ते," चांगुणाबाई म्हणाली.

राजानंद काकांकडे बघायला लागला. काका म्हणाले, "मंग काय. चूल मी पेटवितो."

प्रिया, मंगळवारी तू असायला पाहिजे होतीस. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही निघालो. डीजे नव्हता. चांगुणाबाई गाणं म्हणायची आणि आम्ही तिच्या मागं. दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत माझी लेझीम सारखी चुकत होती. मग पाय आपोआप पडायला लागले आणि लाज कुठं गेली कळलंच नाही. रोडवरच्या बांगडीवाल्या उषाबाई दुकानात बसून बघत होत्या. त्यांनी शटर ओढलं, पदर खोचला आणि आमच्यात शिरल्या. एका ट्रकवाल्यानं गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. परत येताना घसा बसला होता, आणि घरी जाऊन काय शिजवायचं हा विचार डोक्यात नव्हता. माझ्या आयुष्यात अशी जयंती पहिलीच.

विहारापुढं पुरुषांनी पंगत मांडली होती. खिचडी खालून लागली होती, मीठ कमी होतं. मिथुन वाढताना म्हणाला, "करपलेली मी केली, अळणी काकांनी." काकांचे डोळे धुरानं लाल झाले होते आणि ते हसत होते. चांगुणाबाईनं दोनदा मागून घेतली. तिथंच ठरलं, पुढं जयंती दोन दिवस. पाहुण्यांची सुट्टीला, आमची तारखेला.

जेवणं झाल्यावर काका पातेलं खरवडत माझ्याजवळ बसले. म्हणाले, "प्रियाची आई असती तर पुढची लेझीम तिनं कोणाच्या हाती जाऊ दिली नसती."

तुझी आई गेल्यापासून तुझ्या बाबांच्या तोंडून तिचा विषय मी ऐकला नव्हता. मी धीर केला. म्हणाले, "काका, पहिल्या पुण्यस्मरणाला प्रिया रविवार मागत होती. तिला रजाच मिळाली नव्हती."

"म्हाईत हाय मला. तिची आई सुट्टीचा वार बघून गेली न्हाई, असं म्हणालो मी. तव्हापासून आली न्हाई ती." पातेल्यात आता काही उरलं नव्हतं, तरी ते खरवडत राहिले. मग म्हणाले, "तारीख माझ्याकडं राहू दे. मी हाय इथं, मला कुठं जायचंय. त्या दिवशी मी मेणबत्ती लावीन. ती येईल त्या दिवशी आम्ही दोघं मिळून परत लावू. दोनदा लावली तर काय बिघडतं?"

पातेलं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "तिला सुट्टी कव्हा राहती?"

मी म्हणाले, तुम्हीच विचारा.

"मी विचारलं तर तिला हुकूम वाटंल. तू विचार."

म्हणून विचारते. तुझ्या आईचा महिना जूनचा, त्यातला कोणताही वार चालेल. उत्तर मात्र मला देऊ नकोस, त्यांनाच फोन कर. कुकर नंतर उतरव.

तारखेलाही आणि सुट्टीलाही इथंच असणारी
तुझी,
ज्योत्स्ना