मागे घेतलेल्या पायांचा खुलासा

चि. सौ. हर्षाली हिला आजोबांचा आशीर्वाद.

तुझ्या लग्नात तू आणि जावईबापू पाया पडण्यास वाकलात, तेव्हा मी पाय मागे घेतले. त्यास माझी नापसंती समजून तू माहेरी येणे सोडलेस. खरे कारण निराळे होते. इसबामुळे पायावर चार वर्षांची जखम होती व तिला वास येत असे. डॉक्टरांनी बांधलेली घट्ट पट्टी मी, जखमेस वारा लागावा म्हणून, रोज सोडत असे. अखेर भोसरीच्या दवाखान्यातील परिचारिकाबाई दरडावल्या, "आजोबा, आता पट्टी सोडलीत तर माझ्याशी गाठ आहे!" मी ऐकले. पाच महिन्यांत जखम पूर्ण भरली.

मात्र असा खुलासा टपालाने करणे मला शोभत नाही. रविवारी राजगुरुनगरच्या बसस्थानकापासून तुझ्या दारापर्यंत मी चालत येईन.

पत्र घरीच ठेवून निघणारा,
तुझा आजोबा तात्याबा