तेविसावी ओळ

दि. १ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी तुझी समजूत घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरच्या निरोपांना तू ‘तार आली’ म्हणतेस, तेव्हा वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून लिहायला बसले आहे. तुझ्या लॅबमध्ये कवळ्यांचं काम वाढलंय असं लिहिलं होतंस. लोकांचे दात पडतायत तोवर तुला मरण नाही.

शाळेत सध्या अंदाजांचा हंगाम आहे. शेवटच्या वर्षाची परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात, पण चांगल्या विद्यापीठांचे अर्ज पंधरा ऑक्टोबरच्या आत गेले पाहिजेत. म्हणून प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आत्ताच लिहून द्यायचं, की हे पोर पुढे कोणती श्रेणी मिळवेल. त्या अंदाजावर ते लोक जागा देतात नाहीतर नाकारतात. माझ्यापेक्षा ज्योतिषी बरे, त्यांना निदान कोणी पुरावा मागत नाही.

रसायनशास्त्राची तेवीस मुलं माझ्याकडे आहेत. बावीस जणांचं लिहून झालं. तेविसावी ओळ कोरी आहे आणि ती माझ्याच लेकीची, आपल्या मुंगीची आहे. तिला गुराढोरांची डॉक्टर व्हायचंय हे तुला ठाऊक आहे. जागा चाळीस, आणि रसायनात ‘अ’ नसेल तर तिचा अर्ज ते उघडूनसुद्धा बघणार नाहीत. माझ्या नोंदवहीत ती ‘ब’ आहे. वरच्या टोकाचा ‘ब’, पण ‘ब’च. असाच काठावरचा एक मुलगा होता, त्याला मी ‘अ’ लिहिला, कारण शेवटच्या चार महिन्यांत तो रेटेल अशी माझी खात्री आहे. मुंगीच्या ओळीवर मात्र हात उचलत नाही. यादी शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लागते, सगळे चहा पिता पिता वाचतात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो?

अण्णा आठवतात. आपण दोघी त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात, पण बाप असूनही त्यांनी कधी आपल्याला अर्धा गुण जास्त दिला नाही. तेच बरोबर होतं. ‘ब’ लिहून मोकळी होईन म्हणते. तू सुखी, तुला लहानपणापासून अभ्यासाचाच कंटाळा, त्यामुळे या भानगडीत पडलीच नाहीस. तरी तुझं मत कळव, तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर ठेवायला सध्या जागा नाही.

तुझी,
धाकटी


दि. ३ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी मजेत नाही, पण पत्रात मजेत लिहायचं असतं म्हणून लिहिते: मजेत आहे. तू पाठवलेला प्लास्टरचा दात माझ्या टेबलावर आहे. शनिवारी मी मदतीला जाते त्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेला, तर तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, की इतका सुबक दात त्यांनी जिवंत माणसाच्या तोंडातही पाहिलेला नाही.

आता माझं गाऱ्हाणं. आमच्या घरचा नियम तुला माहीत आहे. शाळेत आईला ‘मॅडम’ म्हणायचं आणि घरी शाळेचं नाव काढायचं नाही. सगळ्यांच्या श्रेणी आल्या, माझी रसायनाची तेवढी आली नाही. घरी विचारायची सोय नाही, म्हणून मी परवा मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेर इतर मुलांच्या रांगेत उभी राहिले. नंबर लागला. मी म्हटलं, मॅडम, माझं काय? मॅडम म्हणाल्या, की पुढच्या आठवड्यात बघू. मग संध्याकाळी त्याच मॅडमनी मला चहा करून दिला आणि दोघींनी मिळून कपडे वाळत घातले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बाबांना मध्यस्थी करायला सांगितलं, तर म्हणाले, की त्यांना अजून पुष्कळ वर्षं याच घरात राहायचंय.

खरं सांगू? मला उत्तर माहीत आहे. बाकी विषयांत मी बरी आहे, रसायनातच कुठेतरी डोकं चालत नाही. कितीही केलं तरी दोन-तीन गुण कमीच पडतात. आईची मुलगी असून रसायन येत नाही, ह्याची लाज वाटते. ‘ब’ देणार असेल तर देऊन टाकावा. नुसतं लटकवून ठेवू नये, एवढंच तिला तू लिही. माझं नाव सांगू नकोस.

तुझ्या दातांना माझा नमस्कार. लोभ आहेच, तो मी शाळेत विचारत नाही.

तुझी,
मुंगी


दि. ७ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. काल उत्तर लिहिलं आणि फाडलं. आज कामाला गेलेच नाही. लॅबच्या मालकाला आश्चर्य वाटलं असेल, कारण पस्तीस वर्षांत मी यंत्राच्या आवाजाने कान गमावले पण खाडा केला नाही.

तू मत विचारलंस, म्हणून सांगते. अण्णांना मी कबूल केलं होतं, की हे तुला सांगणार नाही. ते जाऊन सात वर्षं झाली. आता तो शब्द मी मोडते.

मला अभ्यासाचा कंटाळा नव्हता. मी डॉक्टरकीचा अर्ज केला होता. तू अकरा वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. त्या वेळीही शाळेकडून अंदाज जायचा आणि पदार्थविज्ञानाचा अंदाज अण्णांच्या हातात होता. मला जागा मिळाली नाही. उन्हाळ्यात निकाल लागला तर मी पदार्थविज्ञानात वर्गात पहिली. अण्णा माझ्या खोलीत आले, खुर्ची असून उभेच राहिले आणि म्हणाले, की त्यांनी एक पायरी खाली लिहिलं होतं. स्वतःच्या मुलीला वर चढवलं असं कोणी म्हणायला नको म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचं ठरलं. पुढच्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, मी तात्पुरती म्हणून लॅबमध्ये लागले आणि दात बनवत राहिले. मला दात आवडतात. पण मी ते निवडले नव्हते.

अण्णा लबाड नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं, की ते न्यायानं वागतायत. म्हणून तुला सांगते, नोंदवहीवर विश्वास ठेवू नकोस. ती तूच भरली आहेस. मुंगीचे पेपर काढ आणि दुसऱ्या कुणाला तरी नाव झाकून तपासायला दे. तिला ‘ब’ येत असेल तर खुशाल ‘ब’ लिही, मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त लोकांच्या तोंडाला घाबरून लिहू नकोस. लोकांच्या तोंडात काय असतं ते मी रोज बघते.

पोरीला लटकवून ठेवू नकोस. हे माझंच मत आहे, कुणी सांगितलेलं नाही.

लोभ कमी करायचा असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर कर.

तुझी,
ताई


दि. १६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं. आधी मी तुझ्यावर चिडले. चाळिशी उलटेपर्यंत मी तुला ‘कंटाळेश्वरी’ म्हणून चिडवलं, पाहुण्यांसमोर चिडवलं, आणि तू हसत राहिलीस. मला सांगायला हवं होतंस. मग अण्णांवर चिडले. मग कोणावरही चिडायचं अंगात उरलं नाही आणि मी कपाट उघडून पेपर काढले.

आमच्याकडे जीवशास्त्राचे एक सर आहेत, निवृत्तीला आलेले. पूर्वी रसायन शिकवायचे. त्यांना मी हात जोडले. दोन वर्षांचे तेवीस मुलांचे पेपर, नावांवर आणि माझ्या लाल शाईवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यांना दिले. तीन दिवस ते माणूस शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून तपासत होतं. बावीस जणांचे गुण माझ्याशी जवळजवळ जुळले. तेविसावीचे जुळले नाहीत. सरांच्या हिशेबाने ती ‘अ’ होती, आणि काठावरची नाही, चांगली आत.

मग आम्ही पट्ट्या काढल्या. एकक लिहायचं राहिलं तर इतरांच्या पेपरवर मी नुसता गोल केलाय. मुंगीचा गुण कापलाय. समीकरण बरोबर, पण खाडाखोड आहे, तर इतरांना पूर्ण गुण आणि हिला अर्धा कमी. आणि समासात, ताई, लाल शाईत, जागोजागी लिहिलंय: ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ बाकी एकाही पोराच्या पेपरवर हे वाक्य नाही. मी हे लिहिलेलं मला आठवतही नाही. सरांनी चष्मा पुसला आणि माझ्यासाठी पाणी आणलं.

चौदाला मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की हे सगळं लेखी द्या. लिहून दिलं, की दोन वर्षं मी एका विद्यार्थिनीला अन्यायानं कमी गुण दिले आणि ती माझी मुलगी आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत असा कागद मी पहिल्यांदाच लिहिला. सरांच्या सहीने नोंदवही दुरुस्त झाली. पंधराला दुपारी परीक्षा विभागातल्या कारकुनाने अर्ज पाठवला, मुदतीला दोन तास राहिले होते. तो मला म्हणाला, की बाई, तुमच्यापायी आठवडाभर माझी झोप उडाली होती.

भिंतीवरच्या यादीत तेविसावी ओळ भरली. आज सकाळी माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं, की शेवटी आईच ती. मी कप विसळत होते, तो विसळून झाला आणि जागेवर ठेवला. ह्या एका वाक्याला मी दोन वर्षं भ्याले होते. ते बोलणारा पुढच्या मिनिटाला खडूचा डबा कुठाय म्हणून विचारत होता.

मुंगीला काल सगळं सांगितलं, माझं आणि अण्णांचंही. वाटलं होतं, ती उड्या मारेल. तिने पेपर मागितले, एकेक चाळला, समासातलं वाचलं. म्हणाली, की म्हणजे मला रसायन येत होतं? मी हो म्हटलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि पेपर गोळा करून तिच्या खोलीत गेली. तेव्हापासून नीट वागते, विचारलं तेवढं बोलते. रागावलीस का विचारलं, तर नाही म्हणते.

ताई, मी फार दमले आहे. मला माफ कर, मी तुझं आयुष्य गंमत म्हणून सांगत राहिले.

लोभ असावा असं मागायचा आज धीर होत नाही, तरी मागते.

तुझी,
धाकटी


दि. २१ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अर्ज वेळेत गेला, हे आईने कळवलंच असेल. मुलाखतीला बोलावलं तर डिसेंबरात कळेल. सगळे माझं अभिनंदन करतायत आणि मी ‘थँक्यू’ म्हणतेय.

तू अण्णाआजोबांचं जे लिहिलंस तेही मला कळलं. तुला वाईट वाटणार नसेल तर एक विचारायचं आहे. दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही.

मला आईचा फार राग आलाय. मागचं अख्खं वर्ष मी रोज पहाटे उठून रसायन करत होते आणि स्वतःला मठ्ठ समजत होते. ती शेजारीच बसून लाल पेन चालवत होती. आता ती रोज विचारते, की रागावलीस का. तिचा चेहरा इतका उतरलाय, की मी नाही म्हणते. तिच्याकडे बघून हो म्हणवत नाही. आणि ‘नाही’ म्हटलं की जास्तच राग येतो.

तुझा अण्णाआजोबांवरचा राग जायला किती वर्षं लागली? खरा आकडा सांग. मला अंदाज नको.

लोभ आहेच. सध्या तेवढा एकट्या तुझ्यावरच आहे.

तुझी,
मुंगी


दि. २५ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं, उभ्या उभ्याच लिहिते, म्हणजे आजच्या टपालात जाईल.

खरा आकडा मागितलास. आकडा नाही. तो राग गेलेला नाही.

अण्णाही मला विचारायचे. मी लॅबमधून घरी आले की विचारायचे, माझ्या वाढदिवसाला विचारायचे, की रागावली नाहीस ना पोरी? मीही तुझ्यासारखीच त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणायचे. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं आणि चादर सारखी केली. त्यांना वाटलं, की पोरीने माफ केलं, आणि ते निवांत गेले. मी माफ केलं नव्हतं. भांडले असते तर कदाचित केलं असतं. मी त्यांना भांडायची संधीच दिली नाही आणि आता भांडायला समोर कोणी नाही. सात वर्षं मी एका रिकाम्या खुर्चीशी वाद घालते आहे, आणि मला तर उत्तर आलं तरी ऐकू यायचं नाही.

तुझी आई चुकली, आणि चुकले म्हणून शाळेत लेखी दिलं. अण्णांना ते जमलं नाही. तिला चांगुलपणाने गप्प बसून मारू नकोस. ती रडेल, तूही रडशील, तुझे बाबा घराबाहेर निघून जातील. काही बिघडत नाही.

ती पलीकडच्या खोलीत असेल. हे पत्र खाली ठेव आणि जा.

लोभ असू द्यावा, आणि राग असेल तर तोही ज्याचा त्याला कळवावा.

तुझी,
मावशी